औषधाची पकड वजनावरून ओळखावी कशी?

पावसाची पहिली सर आली की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने ओल्या मातीचा वास येतो. तो तुमच्या ओळखीचा आहे. हा वास मुख्यतः मातीतल्या सूक्ष्म जंतूंमुळे येतो. स्ट्रेप्टोमायसिस हे त्यांच्यापैकी एका मोठ्या कुळाचे नाव. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन याच कुळाने दिले आणि कर्करोगावरचे डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषधही. डॉक्सोरुबिसिन पेशीच्या केंद्रात शिरून डीएनएच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये जाऊन बसते. पेशीला मग डीएनएची नक्कल नीट करता येत नाही. पण हेच औषध हृदयालाही इजा करते; म्हणून एका रुग्णाला आयुष्यात एकंदर किती द्यायचे याला डॉक्टर मर्यादा घालतात. अशा औषधाहून चांगले औषध हवे, तर आधी कळायला हवे की कोणता रेणू डीएनएला धरतो, किती रेणू धरतात आणि कोणत्या जागी.

हे डोळ्यांना दिसत नाही. मग वजन करून पाहू या! (शुद्ध भाषेत 'वस्तुमान' म्हणायला हवे, पण इथे 'वजन' चालवून घ्या.) दप्तर पाठीला लावून काट्यावर उभे राहा, मग दप्तर काढून पुन्हा उभे राहा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दप्तर. फरक दुप्पट आला तर कोणीतरी तुमच्या पाठीवर दुसरे दप्तर अडकवले आहे, हे मागे न पाहताही कळेल. रेणूंच्या बाबतीत हा काटा म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, अर्थात वस्तुमान-वर्णपटमापक. अ‍ॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ साली असे उपकरण बांधले आणि १९२२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी यंत्रे स्वतः तयार केली. पवईच्या आय.आय.टी.त १९७६ पासून असलेल्या उपकरण केंद्रात बाहेरच्या संस्थाही आपले नमुने तपासून घेऊ शकतात.

हा काटा मात्र एक अट घालतो. रेणूवर विद्युतभार हवा आणि तो निर्वात जागेत उडता हवा. डीएनएसारखा नाजूक रेणू तापवून उडवायला गेलात तर त्याचे तुकडे होतात. अमेरिकेतल्या जॉन फेन यांनी १९८० नंतरच्या दशकात यावर उपाय काढला. इस्त्रीवाला कपड्यांवर पाणी फवारतो, तसे द्रावण हजारो व्होल्ट दाब दिलेल्या सुईतून फवारायचे. कोमट नायट्रोजन वायूत थेंब आटत जातात, त्यांच्यावरचे भार जवळजवळ येऊन एकमेकांना ढकलतात, थेंब फुटतात आणि शेवटी भारित रेणू उघडा पडतो. औषधाची पकड सैल असली तरी या मऊ वागणुकीत ती टिकू शकते. यासाठी फेन यांना २००२ सालचे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. डिस्टामायसिन हाही स्ट्रेप्टोमायसिसपासून मिळणारा रेणू. तो पायऱ्यांत न शिरता डीएनएच्या अरुंद खोबणीत, अ आणि ट या जोड्यांच्या सलग रांगेवर, चिकटून बसतो. १९८९ साली पेल्टन आणि वेमर यांनी एन.एम.आर. पद्धतीने दाखवले की एकाच खोबणीत दोन डिस्टामायसिन शेजारी शेजारी बसू शकतात. १९९४ साली अमेरिकेत स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच वजनावर तपासले. त्यांनी घेतलेला डीएनए होता 'सगसअअअटटटगसग', आणि तो दुपदरी.

गणित पाहा. या दुपदरी तुकड्याचे वजन सुमारे ७२९०.९ आणि डिस्टामायसिनचे ४८१.५. यंत्र मात्र नुसते वजन देत नाही, तर वजन भागिले भार देते. डीएनएवर पाच ऋण भार राहिले, म्हणजेच पाच प्रोटॉन गेले, तर (७२९०.९ – ५.०) ÷ ५ = १४५७.२ येथे शिखर दिसेल. एक औषध बसले तर १५५३.५, दोन बसली तर १६४९.८. प्रत्येक पायरी ९६.३ ची, म्हणजे ४८१.५ चा पाचवा भाग. शिखर तिथे आले की रेणू मोजल्यासारखेच झाले.

पाचच भार का घेतले? दुपदरी तुकड्यावर चार भार असते, तर तो दोन भारांच्या एका पदराच्याच जागी आला असता आणि जोडी सुटली आहे की टिकली आहे ते कळले नसते. विषम आकड्यात ही फसगत होत नाही.

आणखी एक खुबी. द्रावणात मीठ चालत नाही. सोडिअम डीएनएच्या फॉस्फेटला चिकटून बसतो आणि एका शिखराची दहा शिखरे होतात. त्याऐवजी अमोनिअम अ‍ॅसिटेट घेतात, कारण अमोनिया उडून जातो आणि मागे फक्त प्रोटॉन राहतो.

तरीही शंका उरते. थेंब आटताना औषध उगाच चिकटले नसेल कशावरून? म्हणून शेजारी दुसरा डीएनए ठेवतात, ज्यात अ-टची सलग रांग नाही. त्यालाही औषध तेवढेच चिकटले तर निष्कर्ष बाजूला ठेवावा लागतो. वजन संख्या सांगते, जागा सांगत नाही. जागेसाठी एन.एम.आर. किंवा स्फटिकांकडेच जावे लागते.

शिक्षकांनी वर्गात हे गणित घालून पाहावे. डॉक्सोरुबिसिनचा जवळचा भाऊ डॉनोरुबिसिन, त्याचे वजन ५२७.५. याच तुकड्यात एक रेणू बसला आणि भार पाचच राहिले, तर शिखर कोठे येईल? (उत्तर: १५६२.७) आणि शिखर १६६८.२ वर दिसले, तर काय घडले असेल?