हार्नेस हातात, कागद पिशवीत

न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला ‘द सीइंग आय’ ही संस्था आहे. 1929 साली सुरू झालेली, गाइड डॉग तयार करणारी ही अमेरिकेतली पहिली शाळा. तिथून पहिला कुत्रा घेताना अंध माणसाला 150 डॉलर भरावे लागतात. त्यातच कुत्रा आला, त्याच्यासोबतचं प्रशिक्षण आलं आणि तेवढ्या काळातलं राहणं-जेवणही आलं. बाकी खर्च देणग्यांतून भागतो.

न्यू जर्सीतल्याच एडिसनजवळ राहणाऱ्या एका मराठी बाईंची नजर मधुमेहाने गेली, पुढे नोकरीही सुटली. त्यांना लॅब्रॅडॉर मिळाला तो इथूनच. रस्ता ओलांडताना, जिना आल्यावर, समोर फांदी लोंबत असली तर तो थांबे आणि हार्नेसच्या मुठीतून त्यांना ते कळे. कुत्रा सहज मिळाला. त्याला घेऊन घर आणि उपचार टिकवणं मात्र फार अवघड गेलं.

त्या भाड्याने राहत होत्या ते घर मालकाने विकायला काढलं. नवीन जागा शोधताना आपल्याच माणसांकडून आलेला नकार त्यांना सगळ्यात जास्त लागला. “ताई, घरात देवघर आहे, कुत्रं कसं चालेल?” असं अगदी गोड आवाजात सांगितलं जाई. एका मोठ्या संकुलाच्या कार्यालयाने ‘नाही’ म्हटलं नाही. पाळीव प्राण्यासाठीची वेगळी अनामत आणि वर दरमहा जादा भाडं मागितलं. नोकरी सुटलेल्या माणसाला तो नकारच.

इथे कायदा नीट माहीत असायला हवा. अमेरिकेचा ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’ 1968 चा. 1988 च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींना त्याचं संरक्षण मिळालं. अपंगत्वामुळे लागणारा प्रशिक्षित कुत्रा, म्हणजे ‘सर्व्हिस डॉग’, या कायद्याच्या नजरेत पाळीव प्राणी नाही. त्यामुळे ‘नो पेट्स’चा नियम, जातीची किंवा वजनाची अट, वेगळी अनामत, यांतलं काहीच त्याला लावता येत नाही. कुत्र्याने दार ओरबाडलं तर त्याची भरपाई मात्र भाडेकरूकडेच. आणखी एक खाच आहे. मालक स्वतः राहतो अशा, जास्तीत जास्त चार बिऱ्हाडांच्या इमारतीला या केंद्रीय कायद्यातून बरीच सूट आहे. न्यू जर्सीच्या स्वतःच्या भेदभावविरोधी कायद्यात ही सूट बरीच कमी आहे. म्हणून जागा पाहायला निघण्याआधी आपल्या राज्याचा कायदा वाचावा, किंवा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या केंद्राला विचारावं.

बाईंना अनामत माफ झाली ती लेखी पत्रामुळे. फोनवर तीच विनंती पूर्वी केली होती; त्या बोलण्याचा मागमूस कुठे उरला नव्हता. पत्र लहानच होतं: मला दिसत नाही, हा कुत्रा मला वाट दाखवतो, म्हणून पाळीव प्राण्यांचा नियम आणि शुल्क मला लावू नये. खाली तारीख आणि सही. अंधत्व डोळ्यांना दिसतं, त्यामुळे डॉक्टरांच्या दाखल्याची गरज पडली नाही. फेफरं किंवा मानसिक आघातासारखं न दिसणारं अपंगत्व असेल तर नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र सोबत जोडावं. पैसे भरून इंटरनेटवर मिळणारी ‘नोंदणी प्रमाणपत्रं’ आणि जाकिटं घेऊ नयेत. सर्व्हिस डॉगची कोणतीही अधिकृत सरकारी नोंदणी अमेरिकेत नाही, आणि ते पैसे बहुधा आधीच अडचणीत असलेल्या माणसाच्या खिशातून जातात, याचा संताप यावा.

घरीच शिकवलेल्या कुत्र्याचं काय? विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरातलं एक प्रकरण यासाठी जरूर माहीत असावं. दोन बहिऱ्या भाडेकरू स्त्रियांचा ‘पिएर’ नावाचा कुत्रा होता. दाराची घंटा, टेलिफोन, धुराचा अलार्म वाजला की तो आपल्याला सांगतो, असं त्यांचं म्हणणं. याला असलं काही प्रशिक्षण नाहीच, असं घरमालकाचं. ज्यूरीने घरमालकाच्या बाजूने कौल दिला. 1995 मध्ये अपील न्यायालयाने तो कौल पूर्ण टिकू दिला नाही आणि प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवलं. कुत्रा व्यावसायिक शाळेतूनच शिकलेला हवा अशी अट केंद्रीय कायद्यात नाही, हे त्या निकालातून स्पष्ट झालं. पण तो काम करतो का, हा प्रश्न उरलाच. म्हणून घरी शिकवणाऱ्यांनी सरावाची तारीखवार वही ठेवावी, आणि कुत्रा काम करतानाचे व्हिडिओही.

आजारपणाची बाजू याहून गुंतागुंतीची. नोकरी गेली की विमा जातो. सामाजिक सुरक्षेचं अपंगत्व वेतन मंजूर झालं तरी अपंगत्व सुरू झाल्यापासून पहिले पाच पूर्ण महिने काही मिळत नाही, आणि ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा त्यानंतर बहुतेकांना 24 महिन्यांनी सुरू होतो. म्हणजे एकूण 29 महिने. जुन्या नोकरीतला विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवण्याची ‘कोब्रा’ नावाची सोय एरवी 18 महिन्यांची असते. अपंगत्व ठरलं तर ती नेमकी 29 महिन्यांपर्यंत वाढवता येते. त्यासाठी अपंगत्व ‘कोब्रा’च्या पहिल्या 60 दिवसांत असलेलं ठरायला हवं, आणि तो निर्णय हाती आल्यापासून 60 दिवसांच्या आत, 18 महिने संपण्यापूर्वीच, विमा योजनेला कळवावा लागतो. वाढीव महिन्यांचा हप्ता मूळ खर्चाच्या दीडपट असू शकतो, हे महाग आहे. तरी मधुमेहाच्या माणसाने विम्याशिवाय राहणं त्याहून महाग पडतं.

पायाची जखम चिघळून बाईंना रुग्णालयात जावं लागलं, तेव्हा नवीनच अडचण उभी राहिली. 1990 च्या अपंगांच्या कायद्यानुसार सर्व्हिस डॉग तपासणीच्या खोलीत आणि रुग्णाच्या खोलीत येऊ शकतो. कुत्र्याचं काम उघड दिसत नसेल तर कर्मचाऱ्यांनी दोनच प्रश्न विचारावेत: हा अपंगत्वामुळे लागतो का, आणि याला कोणतं काम शिकवलं आहे. शस्त्रक्रियागृह किंवा भाजलेल्यांचा विभाग अशा निर्जंतुक जागी त्याला मनाई असते. इथवर ठीक. पण त्याला फिरवणं, खाऊ घालणं ही कर्मचाऱ्यांची जबाबदारी नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने कुत्र्याला खाली कसं न्यावं?

ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने तेव्हा तो सांभाळला म्हणून निभावलं. तेव्हापासून हार्नेसला लावलेल्या पिशवीत एक कागद असतो. त्यावर सांभाळायला तयार असलेल्या दोघांचे फोन, खाण्याचं प्रमाण आणि वेळा, प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर आणि रेबीज लसीच्या दाखल्याची प्रत. ही तजवीज धडधाकट असतानाच करावी. अ‍ॅम्ब्युलन्स दारात आल्यावर कुणाला काही सुचत नाही.

पैशांच्या बाबतीतही थोडी वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. अन्नमदतीच्या ‘स्नॅप’ योजनेत अपंग किंवा 60 वा त्याहून अधिक वर्षांच्या व्यक्तीचा महिना 35 डॉलरवरचा वैद्यकीय खर्च उत्पन्नातून वजा धरतात, आणि सर्व्हिस डॉगचं खाणं व औषधपाणी त्यात मोजता येतं. पावत्या मात्र हव्यात. घर नाकारल्याबद्दल तक्रारीची वेळ आलीच, तर केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे ती एक वर्षाच्या आत करावी लागते, न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागाकडे 180 दिवसांच्या आत. बाई ओळखीच्यांना सांगतात, आधी राज्याकडे जा.