विज्ञानपेटी कपाटाबाहेर काढताना

होसकोटे हा बेंगळुरूच्या पूर्वेला, कोलारच्या वाटेवरचा तालुका. इथल्या कन्नड शाळांत चौथी-पाचवीला परिसर अभ्यास शिकवताना जे पटत गेलं, ते लिहिते.

१. शाळेत साधनंच नाहीत, असं सरसकट म्हणू नये. १९८७ च्या खडू-फळा योजनेपासून प्राथमिक शाळांना विज्ञानाचं साहित्य मिळू लागलं. एका शाळेत भिंगं, चुंबक, तराजू सगळं होतं, पण कुलपात. फुटलं तर भरून कोण देणार, ही धास्ती. ती खरीच असते. म्हणून मोडतोड होणार हे धरून मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्यावं.

२. भिंग शिक्षकाच्या हातात राहिलं तर मुलं शिक्षकाकडेच बघत बसतात. चौघांत एक तरी द्यावं.

३. गावात काय पिकतं ते आधी विचारावं. या भागात तुती लावतात, रेशीमकिडे पाळतात. चौथीतल्या एका मुलीने घरून सुपात, तुतीच्या पाल्यावर अळ्या आणल्या. मी हात पुढे केला तशी ती म्हणाली, “मिस, आधी हात धुवा. वास लागला तर खात नाहीत.” काही अळ्या डोकं वर करून निश्चल होत्या. मुलांना त्या मेल्या वाटल्या. “झोपल्यात, कात टाकणार,” ती म्हणाली. कोश विणण्याआधी अळी चारदा कात टाकते, हे तिला पुस्तक न उघडता ठाऊक होतं. मग कुणीतरी विचारलं, यांना नाक कुठंय? तेव्हा भिंगं खऱ्या अर्थाने कामाला लागली. दोन्ही कुशींवर नऊ-नऊ काळे ठिपके मोजून झाल्यावरच मी सांगितलं, ही श्वासाची छिद्रं. भिंतीवरच्या तक्त्याने हे कधीच साधलं नसतं.

४. व्हिडिओ जरूर दाखवावा, पण जे वर्गात आणता येत नाही त्याचा: ज्वालामुखी, धडधडतं हृदय. आणि मुलांनी अंदाज सांगून झाल्यावर.

५. पैसे नसतील तर अरविंद गुप्तांची खेळणी बघावीत. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात १९७८ साली त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करून दाखवले. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो. हे बोटांना कळतं.

६. एका तासिकेत यातलं काहीच होत नाही. साहित्य वाटण्यात आणि गोळा करण्यातच निम्मा वेळ जातो. वेळापत्रक ठरतानाच जोडतासिका मागून घ्यावी.