घरचं वाय-फाय आणि पाण्याची पाळी : आधी कोणाला?



संध्याकाळचे सात वाजले की आमच्या घरात रोज एकच हाक यायची, "आई, मॅडम परत अडकल्या!" मुलीचा शिष्यवृत्तीचा ऑनलाईन तास त्याच वेळेला असतो. मॅडमचं चित्र थांबायचं, आवाज तुटायचा आणि उदाहरण निम्म्यात राहायचं. एकदा तर ती वही मिटून म्हणाली, "मला नाही करायचा हा क्लास." तेव्हा मात्र मी हे प्रकरण मनावर घेतलं.

आधी आम्ही इंटरनेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, स्पीड बरोबर आहे. मोजून पाहिलं तर डाउनलोड ४० एमबीपीएसच्या जवळपास, म्हणजे खरंच बरोबर! अपलोड मात्र जेमतेम ५. मग एकेक उपकरण बंद करून पाहिलं. तात्यांचा टीव्ही बंद केला, तरी तास अडकलेलाच. शेवटी माझा फोन बंद केला आणि मॅडम सुरळीत बोलायला लागल्या! शाळेत दिवसभर काढलेले उपक्रमांचे फोटो आणि व्हिडिओ मी घरी आले की वाय-फायवर आपोआप बॅकअपला जात होते. म्हणजे मुलीच्या तासाच्या आड तिची आईच येत होती.

नेमकं काय होतं?

आपण अंथुर्णेकर नीरा डाव्या कालव्याची माणसं. आवर्तन सुटलं की चारीला पाणी ठरलेलंच येतं. ते वाढवणं आपल्या हातात नसतं, पण दारं कोणत्या वाफ्याचं आधी धरायचं हे असतं. भाजीच्या रोपाला पाणी थोडंच लागतं, पण आजच लागतं. उसाला खूप लागतं, पण एखादा दिवस उशीर झाला म्हणून तो वाळत नाही.

व्हिडिओ कॉल म्हणजे हे रोप. त्याला साधारण १ ते २ एमबीपीएस पुरतात, पण ते त्याच क्षणी मिळायला हवेत. फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, मोठं डाउनलोड म्हणजे ऊस. ते रात्री झालं तरी काही बिघडत नाही. टीव्हीवरचा सिनेमा मधला. एचडीला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात, पण तो पुढचा भाग थोडा आधीच साठवून ठेवतो.

माझ्या बॅकअपने अपलोडची वाट भरून टाकली होती. मुलीचा आवाज आणि 'मिळालं, पुढचं पाठवा' हे तिच्या उपकरणाचे निरोप त्याच वाटेने जातात. ते रांगेत मागे अडकले की समोरून येणारं चित्रही थांबतं.

राऊटरला पाटकरी बनवा

रांगेत कोणाला पुढे सोडायचं हे ठरवण्याच्या सोयीला क्वालिटी ऑफ सर्व्हिस, थोडक्यात क्यूओएस म्हणतात. ती अशी लावा :

१. राऊटरजवळ बसून, बाकी उपकरणं बंद ठेवून, तीन वेळा स्पीड मोजा. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही लिहून ठेवा.

२. राऊटरच्या स्टिकरवर दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. लॉगिन करा. पासवर्ड अजून कंपनीचाच असेल तर आधी तो बदला.

३. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'क्यूओएस' शोधा. काही राऊटरमध्ये ते 'डिव्हाइस प्रायोरिटी' या नावाने असतं.

४. एकूण स्पीड विचारला तर मोजलेल्याच्या ८५ ते ९० टक्के लिहा. ५ असेल तर साडेचार. का? पूर्ण आकडा लिहिला तर रांग आपल्या घराबाहेर, कंपनीच्या यंत्रात लागते आणि तिथे आपला पाटकरी नसतो.

५. तासाचं उपकरण निवडून त्याला प्राधान्य द्या. वेळ ठरवता येत असेल तर तेवढ्याच तासापुरतं द्या. नव्या फोनमध्ये खरा मॅक पत्ता लपवण्याची सोय असते, त्यामुळे यादीत तो ओळखू आला नाही तर घरच्या वाय-फायपुरती ती बंद करा.

६. सेव्ह करून परीक्षा घ्या. एका फोनवर व्हिडिओ कॉल लावा, दुसऱ्यावरून मोठी फाईल पाठवा. कॉल अडकला नाही तर जमलं!

हे लक्षात ठेवा

• प्राधान्याने स्पीड वाढत नाही. फक्त कोणी थांबायचं हे ठरतं.
• सगळ्यांनाच पहिला नंबर दिला तर तो कोणालाच मिळत नाही.
• जाड भिंतीमागे सिग्नलच पोचत नसेल तर आधी राऊटरची जागा बदला.
• काही राऊटरमध्ये ही सोय नसते. तिथे बॅकअप रात्रीवर टाका आणि तासाच्या वेळी टीव्हीचं चित्र ४८०पी वर ठेवा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनीही मोबाईल नेटवर्कवर एचडी थांबवून हाच मार्ग धरला होता.

एक फरक मोठ्या मुलांना जरूर सांगा. घरात नंबर आपण लावू शकतो, पण इंटरनेट देणाऱ्या कंपनीने मनाला येईल त्या साईटला पुढे आणि बाकीच्यांना मागे ठेवायचं नसतं. यालाच नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. आपल्या दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये ते तत्त्व स्वीकारलं आहे.

वर्गात घेण्यासाठी कृती

परिसर अभ्यासात पाण्याचा पाठ घेताना हे करून पाहा. शाळेच्या नळावर पाच मुलं उभी करा. पुढच्या दोघांकडे बादली, मागच्या तिघांना फक्त घोटभर पाणी प्यायचंय. आधी आलेल्या क्रमाने सोडा आणि प्रत्येकाला किती वेळ थांबावं लागलं ते फळ्यावर लिहा. मग घोटभरवाल्यांना आधी सोडून पुन्हा मोजा. बादलीवाल्यांचा वेळ किती वाढला? तहानलेल्यांचा किती वाचला? उत्तर मुलांनाच काढू द्या.

आमच्या घरी राऊटरला हात लावण्याआधी सगळे मिळून बसलो. सात ते आठ मुलीचा तास पुढे, टीव्ही नंतर, माझा बॅकअप रात्री अकराला. तात्यांनी आयुष्यभर पाळीने दारं धरलेली. त्यांना क्यूओएस समजवायला मिनिटही लागलं नाही. म्हणाले, "म्हणजे ज्याचं वाळतंय त्याला आधी. मग ठीकय."

घरात वय कोणाचं मोठं, बिल कोण भरतं, यावर हा नंबर लावू नका. कोणाचं काम थांबू शकत नाही, एवढंच पाहा. आज संध्याकाळी तुमच्या घरीही करून बघा आणि काय फरक पडला ते जरूर कळवा.