बाकदार कणा आणि खेळणारी मुलगी



मुलीच्या एक्स-रेमध्ये पाठीचा कणा एका बाजूला वळलेला आणि स्वतःभोवती काहीसा पिळलेला दिसला की घरात पहिला हुकूम सुटतो तो खेळ बंद करण्याचा, आणि बहुतेक वेळा तोच सर्वांत अनाठायी असतो. या वाकडेपणाला स्कोलिओसिस म्हणतात. अमेरिकी अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांच्या पद्धतीने तो अंशांत मोजला जातो आणि किमान 10 अंश भरला तरच त्यास हे नाव मिळते. किशोरवयातील बहुसंख्य मुलांत त्याचे कारण सापडत नाही. जड दप्तराने किंवा पोक काढून बसल्याने तो होत नाही, तेव्हा आईने स्वतःला वा मुलीला बोल लावू नये.

उंची झपाट्याने वाढत असताना बाक वाढण्याचा धोका अधिक असतो. वाढ शिल्लक असून बाक साधारण 25 ते 40 अंशांचा असेल, तर ब्रेस, म्हणजे धडाला घट्ट बसणारा कडक पट्टा, सुचवला जातो, आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात तो जितके अधिक तास घातला गेला तितका लाभ अधिक दिसला. पट्ट्याखाली बिनशिवणीचा सुती बनियन घालावा, आणि पट्टा काढल्यावर त्वचेवरची लाली अर्ध्या तासात ओसरत नसेल तर तो पुन्हा बेतून घ्यावा. खेळताना तो बहुधा काढता येतो, हे मुलीला आधी सांगितले म्हणजे तासांचा हिशेब ती स्वतःच ठेवू लागते.

खेळताना झालेली दुखापत रेंगाळली की तिचेही खापर कण्यावर फोडले जाते. वास्तविक अपुरे जेवण, तुटपुंजी झोप, चुकलेली पाळी आणि घाईने गाठलेले मैदान यांचीच चौकशी आधी व्हायला हवी. मांडीमागचा स्नायू दुखावल्यास वेदना आधी थांबते आणि ताकद मागाहून येते, म्हणून परतण्याचा दिवस कॅलेंडर पाहून न ठरवता, दुखऱ्या पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या बरोबरीची होते की नाही, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेऊन ठरवावा. कणा वाकडा असूनही खेळता येते; धावपटू उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. पाठ-पोटाचे स्नायू बळकट करण्यावर त्याने भर दिला आणि तो 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत धावला. हे उदाहरण एकदा सांगावे. रोज ऐकवल्यास ते टोमण्यासारखे लागते.

रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, पायांत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास मात्र पुढच्या तपासणीची वाट न पाहता तिला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.