‘दरवाजे बंद होत आहेत’

व्याकरणाच्या तासाला आख्यातांचा भाग चालू असताना आमच्या सरांनी एक काम दिले. आज्ञार्थाची उदाहरणे पुस्तकातून न घेता रोजच्या व्यवहारातून टिपून आणायची. कोणी घरातल्या वडीलधाऱ्यांची बोलणी टिपली, कोणी ग्रंथालयातील पाट्या. मी डोंबिवलीहून दादरपर्यंत रोज लोकलने येतो. तेव्हा मी वही उघडली ती फलाटावर. महिनाभर ध्वनिक्षेपकावरून आणि डब्यातून जे जे कानी पडले ते लिहून घेतले. काम व्याकरणाचे होते. पण उदाहरणे जमत गेली तसतसा एक निराळाच प्रश्न पुढे उभा राहिला. धोक्याची सूचना पाळली जाते ती कशामुळे? तिच्यातील क्रियापदामुळे, की आणखी कशामुळे? प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

जमलेल्या वाक्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला निषेधाचा : रूळ ओलांडू नका, धावती गाडी पकडू नका, दारात लोंबकळू नका. दुसरा विनंतीचा : पादचारी पुलाचा वापर करा, पायदान आणि फलाट यांमधील अंतराकडे लक्ष द्या. तिसरा नुसत्या निवेदनाचा : पुढील स्थानक अमुक, ही गाडी अमुक ठिकाणी थांबणार नाही, आणि वातानुकूलित गाडीत, ‘दरवाजे बंद होत आहेत’. पहिल्या दोन वर्गांत एक गोष्ट समान आहे. सूचना देणारा ‘मी’ किंवा ‘आम्ही’ वाक्यात कोठेच नसतो. ‘तुम्ही’ मात्र प्रत्येक क्रियापदाच्या रूपात दडलेला असतो. काय करायचे, काय टाळायचे, ते सारे त्या ‘तुम्ही’नेच.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर ‘दरवाजे बंद होत आहेत’ हे या सर्वांत सौम्य वाक्य. अपूर्ण वर्तमानकाळ, अकर्मक क्रियापद, कर्ता म्हणजे दरवाजे. त्यात आज्ञा नाही की विनंती नाही. तरी ते ऐकताच माणूस पाय आत घेतो, पाठीवरची पिशवी ओढून घेतो. उलट ‘रूळ ओलांडू नका’ या वाक्यात आज्ञार्थ आहे, निषेध आहे, वर कायद्याचा धाकही आहे; आणि ते ध्वनिक्षेपकावर चालू असतानाच समोरून चार माणसे रूळ ओलांडून येताना मी कितीदा तरी पाहिली आहेत. (एकदा त्या चारांत मीही होतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.) तेव्हा सूचनेचे बळ आज्ञार्थात नाही, एवढे निश्चित.

मग ते कशात आहे? ‘दरवाजे बंद होत आहेत’ असे म्हटल्यावर दरवाजे खरोखरच बंद होतात, हे त्याचे साधे उत्तर. मुंबईच्या उपनगरी मार्गावर वातानुकूलित लोकल प्रथम २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली, आणि आपोआप मिटणारे दरवाजेही तिच्याबरोबरच आले. तत्पूर्वी २०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा–घाटकोपर मेट्रोने मुंबईकरांना अशा दरवाजांची ओळख करून दिलीच होती. या गाड्यांत सर्व दरवाजे नीट मिटल्याशिवाय गाडी सुटत नाही. गर्दीच्या वेळी दारात माणसे अडून राहतात, दार मिटत नाही, गाडी खोळंबते, आतले लोक वैतागतात. पण या खोळंब्याचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. येथे सूचना मोडणारा माणूस गाडीबाहेर फेकला जात नाही. गाडीच थांबून राहते. चुकीची किंमत मिनिटांत मोजली जाते, हातापायांत नव्हे.

साध्या लोकलला हे वाक्य बोलताच येत नाही. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत धावली. तेव्हापासून आता शंभर वर्षे उलटली. पण साध्या लोकलचे दार धावत्या गाडीत उघडेच असते. त्याला कारणेही आहेत. मधल्या स्थानकावर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते; तेवढ्यात शेकडो माणसांनी उतरायचे आणि तितक्यांनीच चढायचे. शिवाय ऐन गर्दीत एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी असतात. हा हिशेब माझा नव्हे, रेल्वेच्याच नियोजनात तो धरला जातो. अशा डब्याची दारे लावून घेतली आणि हवेची दुसरी सोय केली नाही, तर आत जीव गुदमरेल. म्हणजे उघडे दार ही केवळ प्रवाशांची बेफिकिरी नाही. ते त्या डब्याचे नाक आहे. गाडी सुटताना मागच्या डब्यातला गार्ड (२०२२ पासून त्याचे अधिकृत नाव ‘ट्रेन मॅनेजर’) मोटरमनला दोन ठोके देतो आणि गाडी हलते. दारात कोण कसा उभा आहे, त्याचे उत्तर त्या दोन ठोक्यांत नसते.

आता विनंतीच्या वर्गातील ते प्रसिद्ध वाक्य घेऊ : अंतराकडे लक्ष द्या. लंडनच्या भुयारी रेल्वेत याच अर्थाची तीन शब्दांची सूचना १९६८ च्या सुमारास सुरू झाली व पुढे जगभर गाजली. सूचना रास्तच आहे. पण लक्ष द्यायचे म्हणजे आधी दिसले पाहिजे. सकाळी दादरला उतरताना मला माझे स्वतःचे पाय दिसत नाहीत, मग पायाखालचे अंतर कोठून दिसणार? तेथे मी उतरत नसतो, उतरवला जात असतो. हा प्रयोग सरळ कर्मणीचा आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात याच पोकळीमुळे एक गंभीर अपघात झाला. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि फलाटांची उंची वाढविण्याच्या कामाला वेग आला. जे काम ते वाक्य वर्षानुवर्षे करू शकले नव्हते ते काही इंच सिमेंट-काँक्रीटने केले.

याचा अर्थ सूचना देणे व्यर्थ आहे असा नाही. ती कशी द्यावी हा प्रश्न आहे. सुमारे २००९-१० मध्ये वडाळा स्थानकाजवळ एक प्रयोग झाला. रूळ ओलांडणाऱ्याला समोरून येणाऱ्या गाडीचा वेग नीट उमगत नाही, हे ओळखून रुळांखालचे काही स्लीपर टप्प्याटप्प्याने पिवळे रंगविले. पिवळे पट्टे झपाट्याने गाडीखाली जाताना दिसले की वेगाचा अंदाज येतो. एका लांबलचक शिटीऐवजी दोन तुटक शिट्या देण्यास सांगितले. आणि ‘ओलांडू नका’ या पाटीच्या जागी, गाडी अंगावर येताना भेदरलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे चित्र लावले. यात एकही आज्ञार्थ नाही. माणसाला हुकूम करण्याऐवजी धोका त्याच्या डोळ्यांना दिसेल अशी तजवीज केली, इतकेच.

हा सारा विचार केवळ वहीपुरता राहू शकला नाही, त्याला कारण ९ जून २०२५ ची सकाळ. त्या दिवशी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. तो माझा रोजचा रस्ता आहे, आणि दारात उभे राहण्याची ती जागाही माझ्या ओळखीची आहे. ‘दारात लोंबकळू नका’ हे वाक्य त्या प्रवाशांनी ऐकले नसेल असे कोण म्हणेल? त्यांना ते पाळता येईल एवढी जागा आत होती का, हा खरा प्रश्न. त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केले की मुंबईच्या साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारे बसविली जातील. त्यासाठी झरोक्यांची दारे, छतावरून हवा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट अशी रचना योजली आहे. म्हणजे दार मिटवायचे तर आधी श्वासाची सोय हवी, हे मान्य झाले.

येथे कायद्याची भाषा पाहण्यासारखी आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात पायदानावरून प्रवास करणे हा गुन्हा आहे. पण त्याच अधिनियमात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने, गाडीतून चुकून पडलेल्या प्रवाशाला किंवा त्याच्या वारसांना, रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळू शकते. आत्महत्या, नशा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य असे अपवाद सोडले तर ‘तू लक्ष का दिले नाहीस?’ हा प्रश्न तेथे निर्णायक ठरत नाही. ध्वनिक्षेपकावरील वाक्यात जो ‘आम्ही’ सापडत नाही, तो कायद्याच्या या कलमात सापडतो.

आणखी एक वर्ग माझ्या वहीत शेवटी आला. तो ध्वनिक्षेपकावरचा नव्हे. ‘अंदर चलो’, ‘काका, जरा आत सरका’, ‘ताई, दादरला उतरायचंय ना? मग पुढे या’. एकदा दिव्याच्या पुढे मी दाराच्या दांड्याला धरून उभा असताना मागून कोणीतरी माझी पिशवी ओढली आणि म्हणाले, “बाळा, बॅग पुढे घे. खांबाला लागेल.” मी वळून पाहीपर्यंत त्या गृहस्थांनी स्वतः अंग चोरून मला वीतभर जागा करून दिली होती. माझ्या महिनाभराच्या संग्रहात आज्ञार्थाची जी थोडी उदाहरणे तत्काळ पाळली गेली, त्यांत हे एक. कारण सांगणाऱ्याने नुसते ‘आत ये’ म्हटले नाही. आत येण्याजोगी जागाही दिली.

सरांना मी वही दिली तेव्हा त्यांनी आज्ञार्थाच्या उदाहरणांवर खुणा केल्या आणि निवेदनाची वाक्ये विषयात बसत नाहीत म्हणून वगळायला सांगितली. ती मी वगळली. पण वातानुकूलित गाडीचे भाडे साध्या दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट आहे, आणि वगळलेले ते एक वाक्य आज जास्त पैसे देणाऱ्यालाच ऐकायला मिळते. ‘दरवाजे बंद होत आहेत’ हे वाक्य साध्या लोकलमध्ये, पोटभर श्वास घेत, सर्वांना ऐकू येईल त्या दिवशी माझ्या वहीतील निषेधाची निम्मी वाक्ये आपोआप निकामी होतील. त्यांच्या जाण्याचे दुःख निदान मला तरी होणार नाही.