जुन्या ट्रॅक्टरची मालकी व तिचे कागद

जुना ट्रॅक्टर घेताना शेतकरी इंजिन चालू करून पाहतो, टायर पारखतो, शेतात दोन तास नांगर फिरवून पाहतो. नोंदणी पुस्तक मात्र ‘मागाहून देतो’ या वायद्यावर सोडून देतो. मुद्रांकाच्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या म्हणजे मालकी आपली झाली, अशी त्याची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. जंगम वस्तूची विक्री उभयतांच्या कराराने होते. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ सामान्यतः मालक मानतो तो ज्याचे नाव नोंदणीस लागले आहे त्यालाच.

याचा फटका विकणाऱ्यासही बसतो. एका मोटारीची २००७ पासून हातोहात विक्री होत गेली, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. २००९ मध्ये तिचा अपघात झाला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर ठेवली. ट्रॅक्टरलाही हाच कायदा लागू आहे.

समजा, इंदापूर तालुक्यातील शेतकऱ्याने दलालाकडून ट्रॅक्टर घेतला आणि नोंदणीतील मालक पुण्यात सदाशिव पेठेत राहतात. दलालाचा कागद कितीही पक्का असला तरी सही हवी ती पेठेतल्या मालकांची. त्यांचा ठावठिकाणा लागतो तोवरच धावपळ करावी. वर्षे लोटली की घरे बदलतात, माणसे जातात. विकणाऱ्याने नमुना २९ भरून १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने नमुना ३० सह ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. ही मुदत राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीची होय.

मालक वारले असल्यास वारसाने मृत्यूचा दाखला व वारसाहक्काचा पुरावा जोडून नमुना ३१ वर अर्ज करावा. आधी वारसाचे नाव लागावे, मग विक्री व्हावी. पुस्तक हरवले असेल तर जेथे हरवले तेथील पोलीस ठाण्यात खबर देऊन मालकाने नमुना २६ वर दुसरी प्रत मागावी. ट्रॅक्टर बँकेकडे किंवा सोसायटीकडे तारण असेल, तर कर्ज फिटल्यावर नमुना ३५ वर तिची सही घेऊन बोजा उतरवावा. कर्ज फेडूनही बोजा तसाच राहिलेला पुष्कळदा आढळतो.

मालकाचा पत्ताच लागत नसेल, किंवा चॅसिस क्रमांक खरवडलेला दिसला, तर सौदा सोडावा. अशा वेळी प्रतिज्ञापत्राने मालकी निर्माण होत नाही. आणि माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, अथवा तसे मानण्यास सबळ कारण असून घेणारा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ खाली गुन्हेगार ठरतो. ग्रामकार्यकर्त्याने पैसे हातचे जाण्यापूर्वीच शेतकऱ्यासोबत उभे राहून चॅसिसवरील व इंजिनवरील क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावेत. नोंदणी क्रमांकावरून वाहनाची माहिती आता सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरही पाहता येते.

ट्रॉलीची नोंदणी निराळी असते, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. तिचेही पुस्तक मागून घ्यावे. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा.