गाडी घेतलीस, आता तिच्या नाकाकडे बघ

पेढे पोचले, फोटोही बघितला. लाल रंग शोभतोय हो तुला! आता आत्याचं थोडं ऐकून घे. विमा, पीयूसी, टायरची हवा हे सगळं माझा भाऊ तुला रोज फोनवर ऐकवत असेलच, त्यात मी भर घालत नाही. मी सांगतेय ती वस्तू दिसत नाही, वाजत नाही आणि बिघडली तरी गाडी चालतच राहते, म्हणून तिची आठवण कोणाला होत नाही. एसीची हवा तोंडावर येण्याआधी घड्या घातलेल्या एका पांढऱ्या चौकोनी तुकड्यातून जाते. तो केबिन फिल्टर. गॅरेजमध्ये ‘एसी फिल्टर’ म्हटलंस की लगेच कळेल. तू रोज चाकणला ट्रकांच्या मागे तास-तास अडकतेस, तेव्हा सीट कव्हरच्या आधी याची चौकशी कर.

१. आधी गाडीचं मॅन्युअल उघड आणि फिल्टर आहे का, कुठे आहे ते बघ – काही जुन्या, कमी किमतीच्या मॉडेलांत कंपनी नुसती खाच ठेवते, फिल्टर देतच नाही. तुझी गाडी सेकंडहँड आहे, त्यामुळे आधीच्या मालकानं काढून ठेवलेला असण्याचीही शक्यता आहे.

२. सर्व्हिसच्या बिलावर ‘एअर फिल्टर बदलला’ असं दिसलं तर कुठला ते विचार – इंजिनाचा फिल्टर बोनेटखाली असतो आणि इंजिनासाठी असतो. तुझ्या छातीसाठी असलेला बहुतेक गाड्यांत डावीकडच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे दडलेला असतो.

३. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली, काळी जाळी आहे ना, ती आठवड्यातून एकदा हातानं साफ कर – बाहेरची हवा तिथूनच आत शिरते आणि फिल्टर, ब्लोअर, मग एसीची थंड कॉइल असा प्रवास करून तुझ्यापर्यंत येते. कडुनिंबाखाली गाडी लावतेस तर पानांच्या काड्या तिथे साचणारच, आणि पावसात त्या कुजल्या की वास थेट आत.

आता हा फिल्टर धूळ पकडतो कसा, ते एकदा समजून घे, म्हणजे पुढच्या गोष्टी पाठ कराव्या लागणार नाहीत. चहाची गाळणी भोकापेक्षा मोठा चोथा अडवते, बाकी सोडते. इथे तसं नाही. अतिशय बारीक कृत्रिम धाग्यांचं ते जाड जाळं असतं आणि हवा त्यातून नागमोडी जाते. जड कणांना वळण घेता येत नाही, ते धाग्यावर आपटून चिकटतात. अगदी सूक्ष्म कण हवेत सैरभैर भटकत धाग्याला जाऊन लागतात. शिवाय बऱ्याच फिल्टरांच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो, तो कणांना ओढून घेतो. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड, आणि ज्याला पीएम २.५ म्हणतात तो कण २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान. डोळ्यांना न दिसणारा हा कणच फुप्फुसात खोलवर जातो. धूळ दिसते काचेवर, मुक्काम करते छातीत.

४. म्हणून फिल्टर कधी धुऊ नकोस – पाण्यानं तो भार जातो, धागे चिकटतात, आणि ओला राहिला तर बुरशी धरते. धुता येणारे वेगळे मिळतात, पण तसं पाकिटावर लिहिलेलं असेल तरच पाणी लाव.

५. गॅरेजमधला पोरगा कॉम्प्रेसरच्या हवेनं फिल्टर ‘मारून’ देतो म्हणाला तर गोड बोलून नको म्हण – वरची धूळ उडते, आत अडकलेली बारीक धूळ तशीच राहते आणि जोराच्या झोतानं धागे फाटतात. हलक्या हातानं आपटून पान-काडी झटकायला हरकत नाही, पण त्यानं त्याचं आयुष्य वाढलं असं समजू नकोस.

६. बदलायचा कधी? मॅन्युअलमधला आकडा पहिला प्रमाण. बहुतेक ठिकाणी तो १५,००० ते २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असा सापडेल. तुझ्यासारख्या धुळीच्या रस्त्यावरच्या माणसानं मात्र १०,०००लाच उघडून बघावा – कंपनीचा आकडा सर्वसाधारण रस्त्याचा असतो, तुझ्या वाटेवर चाललेल्या बांधकामांचा नसतो.

७. गाडी कमी चालते म्हणून वर्ष ओलांडू देऊ नकोस – उभ्या गाडीतही फिल्टर दमट होतो, वास धरतो.

८. तारीख लक्षात राहत नसेल तर दसरा धर. गाडीची पूजा करतोच आपण, त्याच आठवड्यात नवा फिल्टर घाल – पावसाळाभर ओल खाल्लेला जुना निघून जातो, आणि दिवाळीचा धूर व थंडीतली जमिनीलगत साचणारी हवा सुरू होण्याआधी नवा जागेवर बसतो. बोनेटला हार, तर फिल्टरही नवा फार, असं मी आपलं जुळवून ठेवलंय.

९. पूजेनंतर झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता त्या काळ्या जाळीवरून त्याच दिवशी वेचून काढ – पाकळ्या आत कुजतात आणि तांदळाच्या वासानं उंदीर येतात.

उंदरांचं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिल्टरचा सगळ्यात मोठा शत्रू तोच. त्याला फिल्टरचे मऊ धागे घरट्यासाठी फार आवडतात. फिल्टर काढलास आणि एका कोपऱ्यात कुरतडलेलं अर्धगोल भोक, जवळ शेंगदाण्याची टरफलं आणि काळ्या लेंड्या दिसल्या, तर समज की भाडेकरू आलाय. उंदराला एक रात्र जागा दिली, की तो भाडेकरार मागत नाही, वायरिंग मागतो.

१०. गाडीत बिस्किटं, फुटाणे, प्रसाद ठेवून रात्री कुलूप लावू नकोस – खाऊ नसला की पाहुणा टिकत नाही. लेंड्या दिसल्या तर हातमोजे आणि मास्क घालून, आधी जंतुनाशकानं ओलं करून पुस. कोरडं झाडू नकोस – त्याची धूळ श्वासातून आजार देऊ शकते.

११. गाडी तुला खुणा देते, त्या ऐक: पंखा चारवर आणि वारा दोनचा, ब्लोअरचा आवाज मोठा पण झुळूक नाही, एसी लावताच कोंदट वास, पावसात काचेवरचं धुकं हटायला नेहमीपेक्षा वेळ – या सगळ्यांत पहिला संशयित फिल्टर. वारा मंद तर फिल्टर बंद.

१२. ‘एसी थंड करत नाही’ म्हटल्याबरोबर कोणी गॅस भरायला निघाला तर आधी फिल्टर काढून दाखवायला सांग – वारा कमी झाला की चांगला एसीही दुबळा वाटतो, आणि काही वेळा कॉइलवर बर्फ धरून वारा आणखी अडतो. साधा फिल्टर काहीशे रुपयांत येतो, त्याची खात्री आधी होऊ दे.

१३. एकदा स्वतः बदलून बघ. ग्लोव्ह बॉक्स रिकामा कर, त्याच्या दोन्ही बाजू आत दाबून खाली सोड, मागची पट्टीसारखी झाकणी उघड. बहुतेक गाड्यांत स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही – दहा मिनिटांचं काम आहे, आणि एकदा हातानं केलंस की कोणी तुला जुनाच परत बसवून देणार नाही.

१४. जुना फिल्टर आडवाच, सावकाश ओढ – तिरका केलास तर वरचा कचरा ब्लोअरच्या पात्यांत पडतो आणि मग गाडी ‘टर्र टर्र’ करत फिरते. काढण्याआधी त्याच्या कडेवरचा बाण कुठे तोंड करून आहे त्याचा मोबाइलवर फोटो घे. बाण म्हणजे हवेची दिशा, नवाही तसाच बसला पाहिजे.

१५. नवा घेताना मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांग – दोन मिलिमीटर लहान असला तरी हवा कडेनं पळते. सैल फिल्टर, नुसता बिस्तर.

१६. कडेवर बॉलपेननं तारीख आणि किलोमीटर लिहून मगच आत सरकव – पुढच्या वेळी भांडण नाही, आठवणीवर भार नाही.

१७. काळसर रंगाचा कार्बन फिल्टर मिळतो, थोडा महाग. तुझ्या वाटेवर डिझेलचा धूर आहे, तू तोच घे – त्यात सक्रिय कोळसा असतो, पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा, आणि त्याची सूक्ष्म छिद्रं वास आणि काही वायू धरून ठेवतात. पण ती छिद्रं भरली की दिसायला काही फरक पडत नाही, म्हणून वास पुन्हा यायला लागला की बदल.

१८. एक गोष्ट मात्र कुठलाच केबिन फिल्टर अडवत नाही, ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसी लावून बसायचं नाही, झोपायचं तर अजिबातच नाही – या वायूला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. ही गोष्ट मी प्रेमानं नाही, दटावून सांगतेय.

१९. ट्रकमागे अडकलीस किंवा साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा लागला, की गोल वळलेल्या बाणाचं बटण दाब – बाहेरचा धूर आत येत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत आतली हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून फिरून स्वच्छ होत जाते. मोकळा रस्ता लागला की बटण सोड. चार माणसांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचला की चालवणाऱ्याला पेंग येते. पावसात तर ते बटण बंदच बरं, नाहीतर काचेवर दमट धुकं जमतं.

२०. घर दोन-तीन मिनिटांवर आलं की एसी बंद कर, पंखा चालू ठेव – ओली कॉइल सुकते, बुरशीला ओल मिळत नाही.

२१. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकलं तर घाबरू नकोस, ते चांगलं लक्षण. ठिबकणं थांबून डावीकडच्या सीटपुढचं मॅट ओलं लागलं तर त्या दिवशीच दाखव – पाणी बाहेर जाण्याची नळी तुंबलेली असते आणि पाणी आत उतरतं.

२२. जुना फिल्टर घरात आणून झटकू नकोस, दादाचा दमा माहीत आहे ना? गाडीपाशीच पिशवीत घाल, गाठ मार आणि सुक्या कचऱ्यात टाक. उंदरानं घाण केलेला असेल तर पिशवी दुहेरी घे – आणि हात साबणानं धुऊन मगच चहाला बस.